गादीमागे

मैदान दिलं होतं लोणची-पापडांच्या प्रदर्शनाला,
म्हणून आमच्या स्पर्धा शिरल्या
विक्रोळीच्या बॅडमिंटन हॉलमध्ये.
धावायला तीस मीटर.
त्यानंतर तीन पावलं.
त्यानंतर भिंत.

साळसकर सरांनी जिमनॅस्टिकची गादी आडवी उभी केली,
ती घसरायला लागली तेव्हा म्हणाले,
राखीव कोण कोण आहे?
मी होते. आणि सातवीतला यज्ञेश, ज्याचे बूटच आले नव्हते.
गादी आणि भिंतीच्या मधे फूटभर अंधार,
त्यात आम्ही दोघं, दोन टोकांना,
खांदा लावून.

अशी बघितली मी ती स्पर्धा:
म्हणजे बघितली नाहीच.
नाकासमोर फाटलेलं रेक्झिन, आतला काथ्या,
फिनेल, आणि कित्येक वर्षांच्या पायांचा वास.
पलीकडे कोणीतरी ओलं फडकं पिळतंय, तळवे पुसायला,
नाहीतर लाकडावर घसरतात.
छतातली कबुतरं. गोळाफेकीचा रबरी गोळा,
धप्प, आणि त्यावर बाहेरच्या भोंग्यातून
मिक्सरवर दोन भांडी मोफत.

मग शांतता.
मग दोन फळ्यांचा आवाज, कारण
बंदूक आत वाजवली तर कान बसतात.
मग पावलं, सगळी एकदम,
जिन्यावरून पातेलं सुटावं तशी,
आणि खांद्यात माणूस.

सहाव्या शर्यतीपर्यंत मला कळायला लागलं होतं.
ज्याचं मन आधीच थांबलंय
तो गादीला हात टेकवतो, पाहुण्यासारखा.
ज्याला जिंकल्याचं समजलंय
तो पाठ वळवून आदळतो.
आणि एखादी असते
तिला भिंत आहे हे कोणी सांगितलेलंच नसतं.

मुलींची अंतिम.
फळ्या. पातेलं.
हॉल इतका ओरडला की कबुतरं उडाली,
आणि माझ्या खांद्यात एक धक्का, पूर्ण, हाडापर्यंत;
मग, टाळीचे दोन हात भेटायला लागतो तेवढ्या वेळाने,
जरा पलीकडे, दुसरा.

बाहेर वाद पेटला.
दोन घड्याळं म्हणाली ग्लेनिस रॉड्रिक्स,
तिसरं घड्याळ उशिरा दाबलं गेलं होतं.
परीक्षक मॅडमनी चष्मा पुसला.
ओर्लेमच्या शाळेने आधीच नाचायला सुरुवात केली.
मी गादीच्या कडेने डोकं बाहेर काढलं:
माझ्या टोकाला वाकून, गुडघ्यांवर हात,
ट्रॉम्बेची प्रणोती भोईर.

आधी ती आली होती. माझ्याकडे आधी ती.
पण रेघ होती तीन पावलं अलीकडे,
चिकटपट्टीची, पिवळी,
आणि रेघेवर काय झालं
ते मला कसं कळणार?
तीन पावलांत माणूस काय काय करतो.
एखादी जिंकून सैल सोडते अंग,
एखादी हरून अजून धावतच असते.
मला कोणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी काय दाखवणार होते, खांदा?

प्रणोती गादीच्या मागे डोकावली.
घामाने केस कपाळाला चिकटलेले.
म्हणाली, अगं, इथे माणसं आहेत?
मग म्हणाली, लागलं का गं जोरात?
मी नाही म्हटलं.
तिने अर्धी उरलेली बाटली माझ्याकडे दिली
आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली,
जी पायरी नव्हतीच, उलटा ठेवलेला क्रेट होता.

संध्याकाळी गादी गुंडाळताना
मी यज्ञेशला विचारलं,
तुझ्या बाजूला आधी कोण आलं रे?
तो म्हणाला, माझ्या बाजूला?
माझ्या बाजूला दिवसभर कोणीच आलं नाही.
तरी मी सोडली नाही हं.

सरांनी जाताजाता कैरीचं लोणचं घेतलं.
खांदा निळा झाला, मग हिरवट.
पिवळा व्हायला आठवडा गेला.
आईला सांगितलं, दाराला आपटला.